सशापुरती बंदूक

मानवजात शेवटी कशाने संपणार, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी रोगराई म्हणतं, कोणी युद्ध, कोणी आकाशातून पडणारा धोंडा. आमच्या खोऱ्यात मात्र या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला आहे. मानवजात चुकीची बंदूक निवडल्यामुळे संपणार. रोगराई, युद्ध आणि धोंडा ही फक्त निमित्तं.

आमचं खोरं अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या उत्तर टोकाला आहे. माणसं कमी, मतं फार. घरात बंदूक नाही असं इथे घर नाही, आणि जिथे नाही असं घरमालक सांगतो तिथे त्या जास्त असतात. माझ्याकडेही आहेत. एक एल्कसाठी (घोड्याएवढं सांबर समजा), एक हरणासाठी, एक अस्वलाला आपण घरात आहोत हे कळवण्यासाठी. पण या झाल्या सुखाच्या काळातल्या बंदुका. जग बुडाल्यावर एल्क काही दारात येऊन उभं राहत नाही. तेव्हा माणूस जगतो तो सशावर, खारीवर आणि रानकोंबडीवर. आणि एल्कची बंदूक सशावर झाडली तर मागे फक्त कान उरतात. कानांचं कालवण होत नाही.

म्हणून लहान गोळीची, पॉइंट टू टूची, आटोपशीर बंदूक. हलकी, घडी होणारी, पाठपिशवीत मावणारी. ही निवडण्यासाठी आम्ही टॅमरॅक खोरे पूर्वतयारी मंडळ स्थापन केलं. मी अध्यक्ष. (माझा धंदा विम्याचा. लोकांना काय काय होऊ शकतं हे मी दिवसभर त्यांना सांगतो आणि संध्याकाळी ते खरं मानून घरी येतो.) टायरचं दुकान चालवणारा क्लेटन खजिनदार, आणि शाळेची बस चालवून निवृत्त झालेला ऑर्विल तांत्रिक सल्लागार. बाकीचे सभासद आपापल्या घरी संकटाची वाट पाहतात. आम्ही तिघं दर शनिवारी सकाळी चौकातल्या खाणावळीत पॅनकेक खात वाट पाहतो.

कित्येक वर्षं आम्ही अभ्यास केला. एवढा अभ्यास आमच्यापैकी कोणी शाळेत केला असता तर मंडळ स्थापन करायला कोणी उरलंच नसतं. आदर्श बंदुकीच्या अंगी कोणते गुण हवेत, हे आम्ही ठरवलं. ती अंधारात जोडता आली पाहिजे. (चाचणी घेतली. क्लेटनने ऑर्विलच्या चष्म्याचं घर घट्ट बसवलं.) ती एका हाताने चालवता आली पाहिजे, कारण दुसरा हात तोवर गेलेला असेल. ती गंजता कामा नये. ती पाण्यावर तरंगली पाहिजे. आमची नदी गुडघ्याएवढी आहे, पण प्रलय आला तर ती जरा मन मोठं करील अशी मंडळाला आशा आहे.

खरा वाद पेटला तो खटक्यावरून. एक गोळी झाडल्यावर दुसरी आपोआप पुढे यावी, की माणसाने खटका हाताने मागे ओढावा?

"हाताने," ऑर्विल म्हणायचा. "संकटात माणसाने संयम शिकला पाहिजे."

"सशाला सांगितलंस का ते?" क्लेटन विचारायचा. "तो थांबतो का तुझा संयम संपेस्तोवर?"

"पहिल्या गोळीत लागला तर कशाला थांबायला हवं?"

"तुझी पहिली गोळी गेल्या वर्षी माझ्या टपालपेटीला लागली, ऑर्विल."

अध्यक्ष या नात्याने मी दोघांशीही सहमत असायचो, आळीपाळीने. या वादात दोन उन्हाळे गेले. मंडळाच्या पाहणीनुसार त्या काळात आमच्या सभासदांनी मारलेल्या सशांची एकूण संख्या शून्य आहे, आणि हा आकडा राज्याच्या कोणत्याही मंडळापेक्षा कमी भरणार नाही असा आमचा विश्वास आहे.

शेवटी बंदूक ठरली. तिचे तीन तुकडे होतात: नळी, मधला खटक्याचा भाग आणि दस्ता. दस्ता पोकळ. नळी आणि खटका त्याच्या पोटात जातात, वर झाकण बसतं आणि सगळं मिळून एखाद्या मोठ्या चपलेएवढं दिसतं. आधी मंडळातर्फे एक आणायची, वापरून पाहायची आणि मग प्रत्येकाने तशीच घ्यायची, म्हणजे आणीबाणीत एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतील, असा ठराव झाला. बंदूक आली. खाणावळीच्या टेबलावर आम्ही ती जोडली, सोडली, पुन्हा जोडली. वाढणाऱ्या बाईने पॅनकेकच्या पाकाची बाटली पुसत विचारलं, "आता मारणार का काही?" आम्ही हसलो. सामान्य लोकांना टप्पे कळत नाहीत.

मग प्रश्न आला, बंदूक राहणार कोणाकडे. पूर्वतयारी मंडळाच्या सभासदांचा एकमेकांवर विश्वास नसतो. तो असता तर पूर्वतयारी लागलीच नसती. जग बुडाल्यावर बंदूक ज्याच्याकडे असेल तो इतरांसाठी दार उघडेल याची खात्री काय? तेव्हा, बंदूक मुळातच तीन तुकड्यांची असल्याने, लोकशाहीला साजेसा मार्ग आपोआप निघाला. ऑर्विलने नळी घेतली. क्लेटनने खटका घेतला. मी दस्ता घेतला. (पुढे क्लेटनला कुठून तरी कळलं की कायद्याच्या दृष्टीने मधला भाग हीच बंदूक, बाकीचं लोखंडी सामानसुमान. तेव्हापासून तो जरा ताठ चालतो.) संकट आलं की तिघांनी एकत्र यायचं. संकट आलं की माणसं एकत्र येतात, हे तर सगळ्या पुस्तकांत लिहिलेलंच आहे.

संकट ऑक्टोबरात आलं. ते माझ्या बायकोने आणलं.

"वेंडल, आई पडली," मार्लिसने फोन ठेवत सांगितलं.

माझ्या सासूबाई, अडेल, स्पोकेन शहरात एकट्या राहतात. वय पुष्कळ, कान तीक्ष्ण, गुडघे संपलेले.

"मोडलंबिडलं नाही ना?"

"नाही. पण डॉक्टर म्हणाले, जिने बंद. तिच्या घरात न्हाणीघर वर आणि स्वयंपाकघर खाली. बसून बसून उतरते ती. लहान मुलासारखी." मार्लिसने तळघराचं दार उघडलं. "तळघर रिकामं कर."

इथे थोडा भूगोल सांगणं भाग आहे. आमचं घर उतारावर आहे. त्यामुळे आमचं तळघर पुढून जमिनीखाली असलं तरी मागून थेट बागेत उघडतं. एकही पायरी नाही. मोठी खिडकी, शेजारी न्हाणीघर, शेगडीची ऊब. गुडघे गेलेल्या बाईसाठी मुद्दाम बांधावं असं. त्यात सध्या राजमा, तांदूळ, मीठ, मेणबत्त्या, हाताने फिरवायचे दिवे, पाण्याची पिंपं, विषारी वायूचे मुखवटे, जग बुडाल्यावर सगळ्यात आधी संपतो तो संडासाचा कागद, घडीची खाट आणि एक दस्ता राहत होता.

"मार्लिस," मी शांतपणे म्हणालो, "ते तळघर नाही. ती आपली शेवटची आशा आहे."

"माझ्या आईचीही तीच आहे."

"दुष्काळ पडला तर?"

"तर आई काय खाते? वाटीभर सूप."

मी तिला समजावलं. अन्न साठवणं हा पाया, पण जगायला ताजं मांस लागतं, ताज्या मांसाला ससा लागतो, सशाला योग्य बंदूक लागते आणि ती आमच्या मंडळाने निवडलेली आहे. मार्लिसने हे सगळं ऐकलं. ती कित्येक वर्षं ऐकतच होती.

"ससा, ससा, ससा," ती म्हणाली. "मला एक दाखव. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टेबलावर एक ससा ठेव. तू आणलेला. दुकानातला नाही, कोणी दिलेला नाही. ठेवलास, तर मी मान्य करीन की तुझ्या पसाऱ्यावर माणसं जगतात. आईला मी डॉक्टर म्हणतात त्या वृद्धाश्रमात ठेवीन, पुन्हा शब्द काढणार नाही. नाही ठेवलास, तर आई खाली येणार आणि तुझा राजमा चर्चला जाणार."

आईची खोली तिने पणाला लावली ती इतक्या निश्चिंतपणे, की मला त्याचाच अपमान वाटला.

मी ताबडतोब मंडळाची तातडीची सभा बोलावली. कोरम भरला नाही. ऑर्विल ॲरिझोनाला गेलेला होता. आमच्याकडची निवृत्त माणसं थंडी पडली की घर मागे लावलेली गाडी काढतात आणि दक्षिणेला उन्हात जाऊन बसतात, ती वसंतातच परततात. बर्फात तग धरण्याबद्दल मंडळात सगळ्यात अधिकाराने बोलणाऱ्या ऑर्विलने गेल्या कित्येक वर्षांत बर्फ पाहिलेला नाही. मी त्याला फोन लावला.

"ऑर्विल, नळी कुठे आहे?"

"माझ्याजवळ. उशाशी."

"ॲरिझोनात?"

"मग? वाळवंटात काय हात हलवत राहू?"

"अरे, नुसती नळी आहे ती! तिला ना चाप, ना दस्ता!"

"समोरच्याला कुठे माहीत असतं? नुसती नळी दिसली तरी माणूस दोन पावलं मागे सरतो. काल शेजारच्या गाडीतल्या बाईंनी माझी खुर्ची परत आणून दिली."

"पाठवून दे ना. थँक्सगिव्हिंगच्या आत."

"असं कसं? तीन सभासद, तीन भाग. अध्यक्षानेच नियम मोडायचा? आणि वेंडल," त्याचा आवाज खाली आला, "तुला सगळे भाग एकदम का हवेत, ते आधी सांग."

मी फोन ठेवला. संशयाला पुराव्याची गरज नसते, हे तत्त्व मंडळाच्या घटनेत मीच घातलं होतं.

आता एखादा सरळ बुद्धीचा माणूस विचारील, की पॉइंट टू टू खोऱ्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती का? ढीगभर होत्या. आमच्या पलीकडच्या घरातली मुलगी तिच्या पॉइंट टू टूने कुंपणावर ठेवलेले डबे पाडते. पण तिच्याकडे बंदूक मागणं म्हणजे मंडळाचा सगळा अहवाल आपल्याच हाताने चुलीत घालणं. माणसाने उपाशी राहावं, सासूसकट राहावं, पण अहवालाबाहेर जाऊ नये.

क्लेटन मात्र मदतीला आला. म्हणजे खटका घेऊन आला. तो त्याने माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी आम्ही दोघं माझ्या पिकअप गाडीतून जंगलात गेलो. माझ्याकडे दस्ता, त्याच्याकडे खटका. ऑर्विल आणि नळी उन्हात.

"आता काय करायचं?" क्लेटनने विचारलं.

"सराव."

"कशाचा?"

"नळी सोडून सगळ्याचा."

ताजा बर्फ पडला होता. ससा आम्हाला लगेच दिसला. देवदारांच्या बुंध्याशी बसला होता, अंग पांढरं, कानांची टोकं काळी. आम्ही त्याच्याकडे पाहिलं, त्याने आमच्याकडे पाहिलं. मी दस्ता खांद्याला लावला. क्लेटनने खटका माझ्या गालाजवळ, जिथे असायला हवा तिथे, हवेत धरला.

"श्वास सोड," तो कुजबुजला. "नेम धर."

"धरला."

"दाब."

मी दाबला. खट् असा अतिशय समाधानकारक आवाज झाला. सशाने एक कान हलवला आणि तो खाली मान घालून साल कुरतडू लागला. आम्ही अशा चार-पाच गोळ्या घातल्या. नेम चांगला होता, असं आमचं दोघांचंही मत पडलं. मग पाय गारठले.

"दस्ता फेकून मार," क्लेटन म्हणाला.

"मंडळाची मालमत्ता आहे ती."

आम्ही परत निघालो. दुपार कलली होती. क्लेटन सांगत होता, 'हरलास तर राजमा चर्चला देण्याऐवजी माझ्या दुकानामागे आणून ठेव, मी सांभाळीन', आणि मी त्याच्या खिशाकडे बघत होतो. तेवढ्यात वळणावर, बर्फाच्या ढिगामागून, एक ससा रस्त्यावर आला आणि मधोमध बसला.

मी ब्रेक दाबला. दाबला असावा.

"बसला!" क्लेटन ओरडला. "वेंडल, बसला!"

आम्ही उतरलो. ससा जागीच गेला होता, पुढच्या बंपरला किंचित पांढरे केस. आमच्या राज्यात गाडीखाली आलेलं जनावर रीतसर नोंद करून घरी नेता येतं. (नोंद केली. 'वापरलेलं साधन' असा रकाना त्यात नसतो.) आणि मार्लिसचे शब्द मला पाठ होते. तू आणलेला. दुकानातला नाही, कोणी दिलेला नाही. बंदुकीचं नावही तिने घेतलं नव्हतं. विम्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाशी तिने करार केला होता आणि बारीक अक्षर घालायला विसरली होती.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई येऊन बसल्या होत्या. मार्लिसने सकाळीच जाऊन त्यांना आणलं होतं. दाराशी त्यांची लहानशी पेटी, त्यांचा वाचायचा दिवा आणि वर घडी घालून ठेवलेले पडदे. पिवळे, बारीक फुलांचे. त्यांनी स्वतः शिवले होते. तळघराच्या खिडकीचं माप मार्लिसने त्यांना आधीच कळवून टाकलं होतं, पैजेसकट.

मी ससा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला.

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिडकीतून गाडीच्या बंपरकडे. तिने सुरी काढली, ससा सोलला, कांद्यावर आणि सायीत शिजवला आणि टर्कीच्या शेजारी ठेवला, टेबलावर, ठरल्याप्रमाणे.

सासूबाईंनी टर्कीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ससा! किती वर्षांनी!" म्हणत त्यांनी आधी एक तंगडी घेतली, मग दुसरी. त्या खाणाऱ्या बाई आहेत. हाडं चोखून त्यांनी ती ताटाच्या कडेला ओळीने मांडली.

"वेंडल, एकही छिद्र नाही रे कुठे," त्या म्हणाल्या. "डोक्यात मारलास?"

"हो. म्हणजे, पुढच्या बाजूने."

"पळता पळता?"

"बसलेला होता."

"छान नेम आहे तुझा." त्यांनी रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. "चला, माझ्या लेकीची मला काळजी नाही. असा माणूस घरात असल्यावर." आणि मार्लिसकडे वळून अगदी सहज, जणू मीठ संपलंय असं सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "त्या आश्रमाला सोमवारी फोन कर, बाळ. खिडकी पूर्वेला असली तर बघ."

मार्लिस उठली आणि ताटं घेऊन आत गेली. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

मला लाज वाटली. साधी, सरळ, कान तापतात ती लाज. 'राहू द्या, सासूबाई, खाली या' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. "जरा बटाटे इकडे द्याल का," असं मी म्हणालो. त्यांनी दिले. ही बाब मी मंडळाच्या इतिवृत्तात घेतलेली नाही, कारण ती कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती.

मंडळाने पुढच्या सभेत माझं अभिनंदन केलं. मंडळाच्या इतिहासातला हा पहिला ससा. त्याच सभेत क्लेटनने ठराव मांडला की, टंचाईकाळात लहान शिकारीसाठी सर्वांत योग्य, आटोपशीर, लहान गोळीची बंदूक म्हणून यापुढे पाऊण टनी पिकअप गाडीची शिफारस करण्यात यावी. ती गंजत नाही, एका हाताने चालवता येते, अंधारात जोडावी लागत नाही, आणि तिचे तीन तुकडे करून वाटून घेता येत नाहीत. 'आटोपशीर' या शब्दाची व्याख्या त्यानुसार सुधारण्यात आली. ऑर्विलने फोनवरून विरोध नोंदवला. ती तरंगत नाही, असं त्याचं म्हणणं. उपसमिती नेमली आहे.

सासूबाई आता आश्रमात तिसऱ्या मजल्यावर असतात. उद्वाहन आहे, बहुतेक वेळा चालू असतं. खिडकी पश्चिमेला मिळाली, आणि ती आश्रमाच्या पडद्यांसह. पिवळे पडदे मार्लिसने आमच्या तळघराला लावले. राजम्याला ऊन लागू नये म्हणून, असं ती म्हणते. माझ्याशी ती आता पुष्कळ चांगलं बोलते, पाहुण्याशी बोलावं तसं. आश्रमात भेटायची वेळ शनिवारी सकाळी असते, पण तेव्हा नेमकी मंडळाची सभा असते.

तुम्ही आता माझ्याकडे ज्या नजरेने पाहत आहात ती मला ओळखीची आहे. मार्लिसचीच आहे. पण एक विचारू? सासूबाई जिन्यावरून बसून बसून उतरतात, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तरी नळी ॲरिझोनात निघाली तेव्हा तुम्हाला हळहळ वाटली. आणि वळणावर ससा येऊन बसला तेव्हा, खरं सांगा, तुम्ही मनात म्हणालात ना, 'मिळाला एकदाचा'?

मंडळाच्या सभासदत्वासाठी एवढंच लागतं. शनिवारी सकाळी या. पॅनकेक ज्याचे त्याने घ्यायचे असतात.